कॅनडाचा स्टडी परमिट नामंजूर: कोर्टात जावं की नवा अर्ज भरावा?

बालाघाट_०७:
औसा तालुक्यातल्या विद्यार्थ्याचा कॅनडात शिकण्याच्या परवान्याचा (स्टडी परमिट) अर्ज नामंजूर झालाय. पत्रात दोन कारणं: शिक्षण संपल्यावर परत जाईल असं वाटत नाही, आणि पैशाची सोय पुरेशी नाही. घरी ८ एकर, ऊस आणि सोयाबीन. इन्कम टॅक्स रिटर्न नाही. अर्जाच्या तीन आठवडे आधी खात्यात १४ लाख एकदम जमा झालेत. एजंट म्हणतो ४० हजार द्या, अपील टाकतो. पत्र येऊन २२ दिवस झाले. असं अपील असतं का?

मांजराकाठ:
अपील नसतं. कॅनडाच्या फेडरल कोर्टात जुडिशियल रिव्ह्यू, म्हणजे निर्णयाची कोर्टाकडून तपासणी, मागता येतो, पण त्यालाही आधी कोर्टाची परवानगी लागते. कॅनडाबाहेर झालेल्या निर्णयाला मुदत ६० दिवस, म्हणजे तुमचे ३८ उरले. कोर्ट फी ५० कॅनेडियन डॉलर, वकिलाची वेगळी आणि भरपूर. तिथं अर्जदार स्वतः उभा राहतो किंवा कॅनडाचा वकील. परवानाधारक इमिग्रेशन कन्सल्टंटलाही फेडरल कोर्टात चालत नाही, मग औशातला एजंट कुठून उभा राहणार? ४० हजार बहुधा ऑनलाइन फेरविचाराची विनंती टाकण्याचे. तिला सरकारी फी नाही, उत्तराची हमी नाही, आणि मुख्य म्हणजे तिच्यामुळं ६० दिवस थांबत नाहीत.

पत्रातली वाक्यं छापील असतात. खरं कारण अधिकाऱ्याच्या टिपणात सापडतं. २०२५ पासून काही पत्रांसोबतच ते येतं, आधी ते बघा. नसेल तर वेगळा अर्ज करून मागवावं लागतं, महिना सहज जातो. कोर्टात दाखल केल्यावर लेखी कारणं कोर्टही मागवतं, त्यामुळं टिपणाची वाट बघत मुदत घालवू नका.

गोदातीर:
कोर्टात जायचं की नाही हे आधी ठरवा. कोर्ट नवे कागद बघत नाही. त्या दिवशी फाईलमध्ये जे होतं त्यावरून निर्णय वाजवी होता का, एवढंच तपासतं. पुरावा फाईलमध्ये असून अधिकाऱ्यानं त्याचा विचारच केला नसेल, तर केस चांगली. पण १४ लाख कुठून आले हे अर्जात लिहिलंच नसेल तर कोर्टात सांगून उपयोग नाही. जिंकलात तरी कोर्ट परमिट देत नाही, फाईल दुसऱ्या अधिकाऱ्याकडं जाते. तोवर कॉलेजची तारीख उलटलेली असते. माझं मत: इथं नवा अर्ज. फी १५० डॉलर. बोटांचे ठसे १० वर्षं चालतात, ते पुन्हा नकोत.

मोंढा_पट्टी:
शेतीचे कागद नीट लावा. सातबारा आणि ८-अ तर हवेतच, पण ते मालकी दाखवतात, कमाई नाही. कमाईसाठी मोंढ्यातल्या आडत्याच्या पट्ट्या (माल विकल्याच्या पावत्या), कारखान्याची ऊसबिलं आणि तीच रक्कम बँकेत जमा झाल्याची नोंद, निदान दोन-तीन हंगामांची. शेती उत्पन्नाला आयकर नाही म्हणून रिटर्न नाही, हे सीएच्या पत्रात स्पष्ट लिहून घ्या. सातबाऱ्याच्या इतर हक्कात पीककर्जाचा बोजा असेल तर लपवू नका.

सगळ्यात जास्त घोळ तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यानं होतो. शिष्यवृत्तीसाठी ६० हजारांचा काढलेला असतो, आणि अर्जात वर्षाचे १२ लाख! दोन्ही एकाच फाईलमध्ये गेले की संपलं. क्षेत्राचंही तसंच: सातबाऱ्यावर ३ हेक्टर २४ आर आणि पत्रात नुसतं ८ एकर लिहिलं तर अधिकाऱ्याला मेळ लागत नाही. दोन्ही लिहा. भाषांतर घरच्या माणसानं केलेलं चालत नाही. प्रमाणित भाषांतरकार नसेल तर भाषांतराला त्याचं शपथपत्र जोडावं लागतं.

गोदातीर:
आधीचा नकार नव्या अर्जात कबूल करा. लपवला तर खोटी माहिती म्हणून ५ वर्षांची बंदी. १ सप्टेंबर २०२५ पासून क्युबेक प्रांताबाहेर एकट्या विद्यार्थ्याला राहण्याखाण्यासाठी २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात. कॉलेजची पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च त्याशिवाय.

बालाघाट_०७:
१४ लाख मामांनी जमीन विकून दिलेत.

मोंढा_पट्टी:
मग खरेदीखत आणि सूची २ ची (नोंदणी कार्यालयातल्या व्यवहाराच्या नोंदीची) प्रत, मामांच्या खात्यात विक्रीची रक्कम आली तो उतारा, तिथून विद्यार्थ्याच्या खात्यात गेल्याची नोंद, आणि परत मागणार नाही असं मामांचं शपथपत्र. नातं दाखवायला आईचा लग्नाआधीच्या नावाचा शाळेचा दाखला.