उन्हाळ्यात घरी एसी घ्यावा का? जळगाव-धुळे-नंदुरबारवाल्यांनी आपापला अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. जळगावला तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे थेट गच्चीखाली राहतो. मार्च सरता सरता भिंतीला हात लावला तर चटका बसतो, रात्री बारालाही पंख्याचं वारं गरमच. घरात सत्तरी पार केलेले वडील, बीपीची गोळी चालू, आणि लहान पोरगी. एसी घ्यायचा, मोठा कूलर घ्यायचा की आधी गच्चीचं काही करायचं, यावर घरात रोज बोलणं होतं. कंपनी कोणती ते नका सांगू, दुकानदार सांगतोच. तुम्ही का घेतला किंवा का नाही घेतला, बिल किती वाढलं, लाईट-पाण्याचं कसं काय, ते लिहा.

भुसावळ

दादा, आमचे मिस्टर लोको पायलट. रात्रभर गाडी चालवून सकाळी घरी आले की त्यांना दिवसा झोप लागलीच पाहिजे, कारण संध्याकाळी परत शेकडो माणसं मागे घेऊन निघायचं असतं. आमच्याकडे आधीपासून लोखंडी कूलर, दर साली गवताच्या ताट्या बदलायच्या, आणि खरं सांगते, आपल्या कोरड्या गर्मीत कूलर झकास चालतो, बाहेर ४५ असलं तरी त्याच्यासमोर गारच वाटतं. पण भर दुपारी टाकी दोन-तीन तासात आटते, मग मी नाहीतर पोरगा उठून पाणी ओतणार, आणि भुसावळात नळाला रोज पाणी येत नाही हे इथल्यांना सांगायला नको, भरून ठेवलेलं ड्रमातलं पाणी कूलरला घालायचं म्हणजे जिवावर येतं. बोअरचं घातलं तर ताट्यांवर पांढरा थर चढतो, पाणी नीट झिरपत नाही, वास येतो तो वेगळा. कूलरला खिडकी उघडी लागते, म्हणजे उजेड आला, रस्त्याचा आवाज आला, आणि ह्यांची झोप मोडली. म्हणून एका खोलीत एसी बसवला, खिडकीला जाड पडदा. बिल वाढलं, पण याला कोणी चैन म्हटलेलं मला चालत नाही. ड्रायव्हरची झोप आहे ती. कूलर मात्र विकू नका, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंदा लेकरं घेऊन येतात तेव्हा एसीच्या खोलीत चार-पाच जण मावतात, बाकी सगळ्यांच्या गाद्या हॉलमध्ये कूलरपुढेच.

रावेर तालुका

गावाकडचा हिशोब वेगळा आहे भो. संध्याकाळी सगळ्यांचे पंखे-कूलर चालू झाले की व्होल्टेज इतकं पडतं की ट्यूबलाईट फडफडते, त्यात एसीचा कॉम्प्रेसर काय उचलणार, आणि उन्हाळ्यात डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की बदलून येईपर्यंत वाट पाहा. म्हणून आम्ही नाही घेतला. घेणाऱ्याने आधी रात्री आठ-दहाच्या टायमाला व्होल्टेज मोजून घ्यावं. आमचं जुनं धाब्याचं घर आहे, मातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं, दुपारी तिथे पंखासुद्धा हळू लागतो. शेजारीच नवीन स्लॅबचं बांधलं ती भट्टी झाली. केळीला गरम वारं लागू नये म्हणून आपण बांधाला शेवरीची झाडं लावतो, मग माणसांनी काय घोडं मारलंय? स्लॅबला चुन्याचे दोन हात मारले, वर डोकं लागणार नाही एवढ्या उंचीवर हिरवी शेडनेट ताणली, पश्चिमेच्या खिडकीलाही नेट. रात्री लवकर निवतं आता. जळगाववाल्या भाऊंनी सोसायटीला विचारून एवढं आधी करावं, मग एसी.

शहादा

आमच्या आजीने तर सांगूनच टाकलं, "माले नको तो एसी, मना हातपाय आखडतस." ती अंगणातच झोपते, बाज टाकून. तिचं ऐकून तिच्या खोलीत नाही लावला.

धुळे

मी फिटिंगची कामं करतो म्हणून थोडं लिहितो. एसीचा एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं माप) उष्णता बाहेर काढायची ताकद, आणि हे रेटिंग बाहेर ३५ डिग्री धरून असतं. आपल्याकडे ४४-४५ ला तोच एसी कमी पडतो, म्हणून गच्चीखालच्या खोलीला छोटा घेऊन पैसे वाचत नाहीत, तो बंदच होत नाही. आउटडोअर युनिट पश्चिमेच्या उन्हात टांगू नका, सावली द्या पण समोरून हवा मोकळी सुटू द्या. वेगळी वायर, वेगळी एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारं बटण), अर्थिंग चेक, आणि मीटरचा मंजूर भार कमी असेल तर आधी वाढवून घ्या. दीड टनाचा चांगला इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसर हळू-जोरात चालवणारा, बॅटरीवाला नव्हे) कडक उन्हाळ्यात साधारण तासाला एक युनिट धरा, आठ तास चालवला तर महिन्याला २४० च्या आसपास, कूलर तेवढ्याच वेळात ५० च्या आत. महावितरणचे टप्पे १००, ३००, ५०० असे आहेत, ३०० ओलांडले की वरच्या युनिटचा दर एकदम चढतो, बिल बघून घाम फुटतो तो त्यामुळे. २०२० पासून एसी सुरू होताना २४ वरच येतो, तिथेच राहू द्या आणि पंखा हळू ठेवा.

अमळनेर

मागच्या उन्हाळ्यात आईला ऊन लागलं, घरातल्या घरात. बाहेर पाऊलही टाकलं नव्हतं तिने. उलट्या, अंग तापलेलं, पण घाम नाही, बोलणं असंबद्ध. दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले म्हाताऱ्या माणसाला तहान लागत नाही आणि काही बीपीच्या गोळ्यांनी अंगातलं पाणी अजून कमी होतं. आल्याबरोबर तिच्या खोलीत एसी लावला, पैसे हप्त्याने. जळगावच्या भाऊ, तुम्ही वडिलांचं लिहिलंय म्हणून कळकळीने सांगते, चुना-नेट जरूर करा पण त्यांच्या खोलीसाठी थांबू नका, आणि गोळीचं डॉक्टरांना विचारून घ्या.

चाळीसगाव

एक राहिलं. रोहिणी संपून मृग लागला की हवेत दमटपणा येतो आणि कूलर नुसता ओला वारा फेकतो, अंग चिकचिक. कूलरवाल्यांनी ते पंधरा-वीस दिवस धरून चालावेत.

पाचोरा

आम्ही एसीआधी सोलर बसवलं, ३ किलोवॅट. पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० सबसिडी आहे. उन्हाळ्यात दिवसाला बाराच्या आसपास युनिट तयार होतात, ती नेट मीटरमधून, म्हणजे दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरमधून, रात्रीच्या एसीला वळती होतात. पॅनलची सावली पडून खालची खोलीही कमी तापायला लागली. फ्लॅटवाल्यांना गच्चीचा हक्क आणि सोसायटीची परवानगी लागेल, ते पहिल्यांदा बघा. धुळ्याच्या दादांना विचारायचं होतं, सोलर असतानाही स्टॅबिलायझर लागतोच का? आमच्याकडे दुपारी व्होल्टेज उलट जास्त येतं.