सहाही इंजेक्टर बदलू का?

प्रश्न: सहा सिलिंडर, कॉमन रेल ट्रक (एकाच उच्च दाबाच्या पाइपमधून सगळ्या इंजेक्टरना, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या भागांना, डिझेल). सकाळी उशिरा स्टार्ट, पांढरा धूर. सहा नव्या इंजेक्टरचं कोटेशन 1 लाख 10 हजार. काय करू?

उत्तर 1: दादा, आधी रिटर्न टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल मोजा. आयडलवर ज्याचं रिटर्न डिझेल इतरांपेक्षा जास्त, तो आतून लीक. काही इंजिनांत रिटर्न सिलिंडर हेडच्या आतूनच जातो, वेगवेगळा मोजता येत नाही. तिथे इंजेक्टर काढून टेस्ट बेंचला (तपासणी मशीनला) लावा.

उत्तर 2: नॉझल, व्हॉल्व्ह सेट टाकून इंजेक्टर रिपेअर होतो, पण बेंच रिपोर्ट हातात घ्याच. बॉडी गंजली तर नवाच. इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर प्रत्येक वेळी नवा, नाहीतर कॉम्प्रेशन निसटून सीट जळते. इंजेक्टरवर कोड असेल तर ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरा.

उत्तर 3: टाकीतलं पाणी काढा, डिझेलचे दोन्ही फिल्टर बदला. त्याशिवाय नवेही जातील.