मदत हवी आहे: माळ्यावर सापडलेल्या ४१ डॅट टेप, जुना गोवा ट्रान्स आणि तोंडावर आलेला पावसाळा

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहिते, कारण नुसतं "डॅट प्लेअर कुठे मिळेल" असं विचारलं तर घाई का आहे ते कळणार नाही.

माझी मावशी वागातोरला राहते. लग्न होऊन सावंतवाडीहून तिकडे गेली त्याला पन्नास वर्षं होत आली. घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आहेत. हंगामात, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च, त्या ती परदेशी लोकांना भाड्याने द्यायची. नव्वदच्या दशकात त्यातल्या एका खोलीत एक फ्रेंच माणूस ओळीने पाच-सहा वर्षं येत होता. रात्रीच्या पार्ट्यांत संगीत लावायचा, गोवा ट्रान्स म्हणतात ते, यंत्रांवर केलेलं नाचाचं संगीत. मार्चमध्ये निघताना पत्र्याची एक ट्रंक मावशीकडे ठेवून जायचा. १९९८ साली गेला तो परत आलाच नाही. ना पत्र, ना फोन. दुसऱ्याची वस्तू म्हणून मावशीने ती ट्रंक इतकी वर्षं उघडली नव्हती. यंदा पावसाच्या आत घराचं छप्पर उतरवायचंय, माळा रिकामा करावा लागला, तेव्हा उघडली.

आत ४१ डॅट टेप निघाल्या. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी: डॅट म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप, साध्या कॅसेटपेक्षा बऱ्याच लहान, तळहातावर मावणाऱ्या, आत ४ मिलिमीटरहूनही अरुंद फीत. सोनीने हा प्रकार १९८७ मध्ये आणला आणि त्याची यंत्रं बनवणं २००५ मध्ये बंद केलं. या टेपांवर पेन्सिलीने आकडे आहेत, १३४, १४०, १४५ असे, म्हणजे मिनिटाला किती ठोके ते. काहींवर चंद्रकोर काढलीय, नऊ टेपांवर सूर्य.

तो सूर्य बघितला आणि मला रडू आलं, खरंच सांगते.

नाताळच्या सुट्टीत आम्ही मावशीकडे जायचो. ती स्वतः त्या पार्ट्यांत चहा विकायला बसायची. एक चटई, रॉकेलची बत्ती, स्टो, चहाचं पातेलं, ऑम्लेट-पाव, केळी. गावातल्या कितीतरी बायका अशा बसायच्या, परदेशी लोक त्यांना 'चाय मामा' म्हणायचे. रात्रभर ठोके घरापर्यंत ऐकू यायचे, आईला ते मुळीच खपायचं नाही. पण उजाडायला लागलं की संगीत पालटायचं. अंधारातलं घुमणं, कुरकुरणं मागे पडायचं आणि एकावर एक चढत जाणारे सूर यायचे. पुढे मी गाणं शिकले तेव्हा कळलं की त्यातल्या पुष्कळ चालींत कोमल रिषभावरून सरळ शुद्ध गंधारावर उडी असते, वर धैवत-निषाद कोमल. आपल्या बसंत मुखारीचेच स्वर. राग नाही तो, चलन नाही, विस्तार नाही. पण लहानपणी पहाटे ते कानावर पडायचं तेव्हा परकं कधी वाटलं नाही, त्याचं कारण हे असावं.

मग हे संगीतच नाहीसं झालं. १९९७-९८ नंतर सायट्रान्स (गोवा ट्रान्समधूनच निघालेला प्रकार) जास्त कोरडा, जास्त यांत्रिक झाला, चाली कमी होत गेल्या. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहानंतर उघड्यावर भोंगे बंद. मावशीची चटई केव्हाच गुंडाळली गेली.

मी हे सगळं विसरले होते. गेल्या वर्षी पुण्यात भाच्याच्या गाडीत एक तुकडा लागला. मी म्हटलं, हा १९९६ च्या आसपासचा असणार. तर तो निघाला स्वीडनच्या फिल्टेरिया नावाच्या संगीतकाराचा, २००४ नंतरचा! तिथून शोधत गेले. बेल्जियममध्ये सनट्रिप नावाचं लेबल (संगीत प्रसिद्ध करणारी कंपनी) २००४ पासून मुख्यतः याच जुन्या धाटणीचं नवं संगीत काढतंय. फ्रान्सचा खेत्झाल, रुमानियाचे ई-मंत्रा आणि आर्टिफॅक्ट३०३, सर्बियाचा गोआशिया. हे लोक मूळ काळ संपल्यावर कामाला लागले आणि तरीही त्यांनी ती पहाट बरोबर पकडलीय. खेत्झालचा २००५ चा अल्बम मी महिनाभर रोज ऐकला. ही नुसती नक्कल आहे असं म्हणणारे भेटतात, मला ते पटत नाही. नक्कल करणारा माणूस आठ-आठ मिनिटांच्या रचनेत एकेक चाल इतक्या मायेने गुंफत नाही. आणि 'डॅट रेकॉर्ड्स' नावाचं एक लेबल तर त्या काळी कधी बाहेरच न आलेल्या रचना जुन्या डॅटवरून काढून प्रसिद्ध करतं. ते वाचलं आणि मावशीची ट्रंक डोळ्यांपुढे आली.

गोव्यात डॅटच का, तेही सांगते. उन्हात आणि धुळीत तबकड्यांचं काही खरं नसायचं, त्या वाकायच्या. डॅट खिशात मावायची आणि एकमेकांच्या टेपवरून जशीच्या तशी प्रत निघायची. लंडनच्या स्टुडिओत डिसेंबरात तयार झालेली रचना, कुठेही प्रसिद्ध होण्याआधी, हणजुण्याच्या किनाऱ्यावर वाजायची. त्या छोट्या यंत्रांना वेग कमी-जास्त करायची सोय नव्हती, म्हणून दोन रचनांचे ठोके जुळवता येत नसत. त्यामुळे रचनांच्या सुरुवातीला आणि शेवटी ठोक्याविना लांब पट्टा ठेवायची रीत पडली, एक विरत असताना दुसरी हळूच आणायची. तिथल्या पार्ट्यांत संगीत लावणारे गोवा गिल तर नंतरही कित्येक वर्षं डॅटवरच वाजवत राहिले. ते २०२३ च्या ऑक्टोबरात गेले. त्या पिढीची माणसं आता एकेक करून जाताहेत.

आता मदत हवी आहे ती अशी. चालू स्थितीतलं डॅट यंत्र पुणे, मुंबई, कोल्हापूर, गोवा इथे कुणाकडे आहे का? भाडं देईन, घरी येऊन करीन. टेपा पंचवीसहून जास्त पावसाळे गोव्याच्या माळ्यावर होत्या, सहा टेपांत पांढरं काहीतरी दिसतंय, त्यांचं काय करू? आणि त्यावरचं संगीत नक्की कुणाचं समजायचं?

मावशी ७४ वर्षांची आहे. तिचं एवढंच म्हणणं आहे: "सकाळचा ता गाणा गावला तर माका आयकव गो."

ध्वनिवेडा (प्रतिसाद)

ताई, सर्वात आधी: एकही टेप कुठल्याही यंत्रात घालू नका. मी रेकॉर्डिंगच्या धंद्यात तीस वर्षं काढली, "जरा लावून बघू" म्हणून गेलेल्या टेप मी मोजल्यात.

पांढरं दिसतंय ती बुरशी असणार. त्या सहा वेगळ्या काढा, वेगळ्या डब्यात ठेवा, हाताळताना तोंडाला मास्क बांधा. बुरशीची एक टेप यंत्रात गेली की पुढच्या सगळ्या टेपांना ती लागते. बाकीच्या ३५ हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. ऊन दाखवू नका. इंटरनेटवर टेप भट्टीत भाजायचे उपाय सापडतील, ते जुन्या स्पूलच्या विशिष्ट टेपांसाठी आहेत, डॅटला करू नका.

डॅट यंत्रात फीत वाचणारं डोकं (हेड) फिरतं, व्हिडिओ कॅसेटच्या यंत्रासारखं, मिनिटाला २००० फेरे. फीत त्याच्याभोवती गुंडाळली जाते. रबरी रोलर कडक झालेला असेल किंवा आतलं ग्रीस वाळलेलं असेल तर फीत अडकून चुरगळते. तेव्हा यंत्र मिळालं तरी आधी दुरुस्ती, मग एखादी बिनमहत्त्वाची टेप, मग तुमची.

आणि पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच रेकॉर्ड करा. दुसरी संधी मिळेलच असं नाही. हेडफोनच्या भोकातून घेऊ नका, डिजिटल बाहेर काढा. टेप ४८, ४४.१ किंवा ३२ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे इतके हजार नमुने) यांपैकी कशावरही भरलेली असेल, संगणकावर तोच आकडा ठेवा. टेपच्या कडेला सरकती खिट्टी असते, ती उघडी करून ठेवा म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही.

सर्व्हररूम

आणखी एक वाट आहे. संगणकाचा बॅकअप घ्यायची डीडीएस टेप याच आकाराची असते. सिलिकॉन ग्राफिक्सच्या जुन्या वर्कस्टेशनांबरोबर आलेले काही ड्राइव्ह गाण्याची डॅटही वाचतात आणि थेट फाइल बनवतात, कुठे चूक आली तेही दाखवतात. पण ड्राइव्ह शोधणं, तो संगणकाला जोडायला जुनं स्कझी कार्ड बसवणं, हे सगळं ४१ टेपांसाठी जड आहे. शेकड्यांनी असत्या तर सांगितलं असतं.

पेडण्याची

हक्कांबद्दल. टेप मावशींकडे आहे म्हणून संगीत त्यांचं होत नाही, आणि त्या फ्रेंच माणसाचंही असेलच असं नाही, त्याने वाजवायला घेतलेल्या प्रती असतील. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो. घरी जपून ठेवा, मावशींना ऐकवा, पण यूट्यूबवर चढवू नका. त्यापेक्षा प्रत्येक टेपचा आणि लेबलचा फोटो काढा, यादी करा. जुना गोवा ट्रान्स जमवणारे लोक दहा सेकंदांच्या तुकड्यावरून रचना ओळखतात. अप्रसिद्ध काही निघालं तर मूळ संगीतकाराला कळवा. त्यांच्यापैकी अनेकांकडे स्वतःच्या टेप उरलेल्या नाहीत.

शापोऱ्याचा

इथे सगळे गहिवरलेत म्हणून लिहितो. मी त्याच गावचा. त्या पार्ट्यांनी आमच्या किनाऱ्यावर अमली पदार्थ आणले, पोरं वाया गेली, रात्रीची झोप गेली. त्याच्या आठवणी का जपायच्या?

धागाकर्ती

तुमचा राग खोटा नाही. मावशीच्या शेजारच्या घरातला एक मुलगा त्यात गेला, ती अजून त्याचं नाव काढते. पण माझ्या मावसभावाचं शिक्षण त्या चटईवरच्या चहातून झालं, हेही तितकंच खरं आहे. गावावर जे गुदरलं ते लिहून ठेवायला हवं, तुम्ही लिहा, मी वाचेन. टेप कुजू दिल्या म्हणून त्यातलं काही भरून येणार नाही, एवढंच मला वाटतं.

शापोऱ्याचा

तुमच्या मावशी कोण ते बहुतेक ओळखलं. त्यांच्या हातचा चहा मीही प्यायलोय. त्यांना नमस्कार सांगा.

कोथरूडकर

माझ्याकडे सोनीचं टीसीडी-डी८ आहे, ते छोटं, खिशातलं. दोन वर्षांपूर्वी रोलर बदलून घेतलाय. डिजिटल बाहेर काढायची खास केबलही आहे, ती नसेल तर या यंत्राचा तुम्हाला उपयोग नाही. भाडं नको. पण टेप मी स्वतः घालीन, आणि बुरशीची एकही घरात आणायची नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)

कोथरूडकरांकडे दोन रविवार बसलो. ३५ पैकी २२ झाल्या. सगळ्या ४८ वर भरलेल्या, फक्त एक ३२ वर. एका टेपमध्ये मधली चार मिनिटं नुसती खरखर आहे, डोकं दोनदा पुसूनही गेली नाही. बाकी आवाज असा स्वच्छ की विश्वास बसत नाही.

पहिली टेप आम्ही चंद्रकोरीची घेतली, काही बिघडलं तर सूर्याची नको म्हणून. सुरुवातीला दीड मिनिट ठोका नव्हताच. लांबून वारा आल्यासारखं काहीतरी, मग ३०३ नावाच्या सिंथेसायझरचा तो पिळत जाणारा आवाज. कोथरूडकर आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो, कुणी बोललं नाही.

आतापर्यंतच्या रचनांपैकी बऱ्याचशा प्रसिद्ध झालेल्या आहेत, यादी जुळवून पाहिली. सात मात्र कुठेच सापडत नाहीत. पेडण्याची म्हणाली तसं दहा-दहा सेकंदांचे तुकडे जाणकारांना पाठवलेत. एकाचं उत्तर आलं, दोन रचनांचा संगीतकार त्याने सांगितला, आता त्या माणसाला पत्र लिहितेय. तो फ्रेंच भाडेकरूही सापडतो का ते बघणार आहे, ट्रंक त्याची आहे.

सूर्याच्या पाच टेपा फोनवरून मावशीला ऐकवल्या. स्पीकर लावून ओसरीवर बसली होती. प्रत्येक वेळी पूर्ण ऐकते, डोळे मिटून, आणि म्हणते, "बरा आसा. पण ता न्हय. दुसरा लाव."

सूर्याच्या चार राहिल्या आहेत. त्यातल्या दोन बुरशीच्या सहांमध्ये आहेत. बुरशी लागलेली डॅट उघडून, फीत साफ करून, नव्या खोक्यात भरून देणारं कुणी खात्रीचं माहीत असेल तर कृपया लिहा. भारताबाहेरचं असलं तरी चालेल, सोबत न्यायला माणूस मिळेल. छप्पर उतरवायला गवंडी १५ मेला येतोय, टेपा माझ्याकडे पुण्यात सुरक्षित आहेत, पण हवा आत्ताच दमट व्हायला लागलीय.