गटमर्यादेची चाचणी : आकडा तपासावा की वागणूक?

धागालेखक : एका प्रक्रियेला (चालू प्रोग्रामला) जास्तीत जास्त किती पूरक गट (मुख्य गटाखेरीज परवानग्यांसाठीचे जादा गट) असू शकतात, हे रुबी या प्रोग्रामिंग भाषेची 'प्रोसेस.मॅक्सग्रुप्स' ही पद्धत सांगते. आमच्या चाचणीत तिचे उत्तर ६५५३६ आलेच पाहिजे असे लिहिले होते. लिनक्सवर ती बिनबोभाट पास होई आणि मॅकओएसवर आपटली, कारण तिथे मर्यादा १६ आहे. खुद्द लिनक्सवरही कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) २.६.४ पूर्वी ती ३२ होती. म्हणून माझे मत असे की आकडा तपासूच नये. मूळ किंमत बाजूला ठेवावी, एकाने कमी करून पुन्हा वाचावी आणि 'एन्शुअर'मध्ये (काहीही झाले तरी शेवटी चालणाऱ्या भागात) पूर्ववत करावी. हे शेवटचे विसरल्यास त्याच प्रक्रियेतील पुढच्या चाचण्या बिघडतात, आणि दोष भलत्याच फाइलवर येतो.

उत्तर १ : असहमत. ही किंमत बदलल्याने कर्नलची मर्यादा तसूभरही हलत नाही. बदलते ते रुबीच्या आतले एक चल. चलात ठेवलेला आकडा परत मिळाला, एवढेच तुमची चाचणी सिद्ध करते. रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून कंटेनर (प्रोग्रामसाठीचे वेगळे, बंदिस्त वातावरण) चालवा, मर्यादेपेक्षा एक गट जास्त देऊन थेट 'सेटग्रुप्स' हा सिस्टिम कॉल (गटांची यादी बसवण्याची कर्नलला केलेली विनंती) करा आणि 'ईइनव्हॅल' (अवैध मूल्याची त्रुटी) येते का ते पाहा.

धागालेखक : ती कर्नलची परीक्षा झाली, रुबीच्या लायब्ररीची नव्हे. शिवाय रूट असणे पुरेसे नाही. विनाविशेषाधिकार यूजर नेमस्पेसमध्ये (साध्या वापरकर्त्याने बनवलेल्या, वापरकर्ता-क्रमांक वेगळे असलेल्या कप्प्यात) 'आयडी' हा आदेश शून्य, म्हणजे रूटचा क्रमांक, दाखवतो, तरीही 'सेटग्रुप्स'ला बंदी असल्यास 'ईपर्म' (परवानगी नसल्याची त्रुटी) मिळते.

उत्तर २ : दोघांचेही पुरते पटले नाही. मर्यादा १ करा आणि गटांची यादी बसवणाऱ्या रुबीच्या 'प्रोसेस.ग्रुप्स='ला दोन गट द्या. ही तपासणी सिस्टिम कॉलच्या आधी होत असल्यामुळे रूट नसतानाही 'आर्ग्युमेंटएरर' (चुकीचे मूल्य दिल्याची रुबीची त्रुटी) येतो. चलातील आकडा खरोखर वापरला जातो की नुसता पडून असतो, हे यातून कळते.

उत्तर १ : ही चाचणी मान्य आहे. मात्र कर्नलपर्यंत जाणारी वाट अजूनही तपासल्याविना राहते, आणि ती वेगळ्या, विशेषाधिकार असलेल्या संचात तरी हवीच, असा माझा आग्रह कायम आहे.

धागालेखक : वेगळ्या संचाला हरकत नाही, रोजच्या संचात मात्र कर्नलची चाचणी नको.