पात्रता परीक्षा झाली, प्रस्ताव मात्र अडकलाय

गाळकरी:
नदीच्या गाळातल्या जिवाणूंवर पीएचडी करतोय. कोर्सवर्क संपलं, पात्रता परीक्षाही सुटली. आता प्रस्तावावर समिती म्हणते, "फार पसरट आहे." गाईड म्हणतात, "अजून वाचा." वाचतोय, नुसती फाईल फुगतेय. प्रस्तावात नेमकं किती पक्कं हवं? निष्कर्ष आधीच ठाऊक असते तर संशोधन कशाला केलं असतं?

कडूनिंब:
निष्कर्ष कोणी मागत नाहीये हो. आतापर्यंत प्रश्न दुसऱ्यांनी काढले, तुम्ही उत्तरं दिलीत. इथून पुढे प्रश्न तुम्ही काढायचा, आणि तो जमतोय का एवढंच समिती बघते. "गाळातल्या जिवाणूंचा अभ्यास" हा विषय झाला. "पाण्यातलं नायट्रेट वाढलं की काठाच्या गाळातून नायट्रस ऑक्साईड जास्त सुटतो, तसाच तो पात्राच्या मध्यावरही सुटतो का?" हा प्रश्न. असा प्रश्न आला की नमुने कुठून घ्यायचे, काय मोजायचं, किती वेळ लागेल, निम्मं तरी आपसूक ठरतं.

आणि एक बघा. उत्तर "नाही" आलं तर प्रबंध उभा राहतो का? राहत नसेल तर तो प्रश्न टाकून द्या, कितीही आवडता असला तरी. वाचन आठवडाभर बंद. एक पान लिहा आणि गाईडच्या हातात ठेवा. "अजून वाचा" म्हणणाऱ्या गाईडला बहुतेकदा वाचायला काही मिळालेलंच नसतं!

धुकेवाली:
कडूनिंब यांना +१. मी ब्रिटनमध्ये केली. तिथे बऱ्याच विद्यापीठांत सुरुवातीला एमफिलवर (पीएचडीच्या खालची संशोधन पदवी) नोंदणी होते आणि अपग्रेडची तोंडी परीक्षा दिल्यावरच पीएचडीवर नाव चढतं. माझ्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त खोदलं ते वेळापत्रक. "उपकरण बंद पडलं तर?" याला माझ्याकडे उत्तर होतं, म्हणून निभावलं. शेवटच्या व्हायवाची, म्हणजे प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेची, आत्ता काळजी नको. तिथे किरकोळ दुरुस्त्या सांगून पास करणं अगदी नेहमीचं आहे.

गाळकरी:
पान लिहिलं. काठ विरुद्ध मध्य हेच धरलं. नमुने एकाच हंगामात घेतले तर चालेल का?

कडूनिंब:
नाही. पुरानंतर गाळ बदलतो. पाणी चढलेलं असताना एकदा आणि ओसरल्यावर एकदा, दोन फेऱ्या हव्यातच. त्यापायी ठिकाणं कमी करावी लागली तरी करा.