फोंड्याहून पुण्याला बिऱ्हाड हलवायचंय, पॅकर्स-मूव्हर्स ठरवण्याआधी काय बघायचं?

कुर्टीकर

नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली पुण्याला झाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात गोव्यात फोंड्याजवळच्या कुर्टीतलं दोन बेडरूमचं बिऱ्हाड कोथरूडला न्यायचंय. लेकीची शाळा तिथे जूनच्या मध्यावर सुरू होते, म्हणून पुढे ढकलता येत नाही.

एका साइटवर नुसती चौकशी केली, तर तेव्हापासून फोन थांबेना. तीन भाव हातात आहेत. पहिला २१ हजार. त्याने घर पाहिलंच नाही, फोनवरच सांगितलं, आणि 'आजच्या आज ५ हजार टोकन यूपीआय करा, नाहीतर गाडी जाईल' म्हणून मागे लागलाय. दुसरा ३८ हजार, व्हिडिओ कॉलवर खोली न खोली बघून. तिसरा ४३ हजार, 'आयबीए अप्रूव्हड, इन्शुरन्ससकट' म्हणतो.

सामान नेहमीचंच: फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन पलंग, लोखंडी कपाट, पुस्तकांचे ढीग. शिवाय सासूबाईंचा सागवानी देव्हारा, पितळेच्या समया, दगडी रगडा आणि माझी स्कूटर. नवरा म्हणतो पहिल्याला देऊन मोकळी हो. सासूबाई म्हणतात देव्हारा कुणाच्या हाती देऊ नकोस. इन्शुरन्स खरंच लागतो का? गॅस सिलिंडरचं काय करायचं? जाणकारांनी सांगा.

---

बिल्टीवाले काका

बाय, बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतीत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे माल नेण्याच्या पावत्या, फाडण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घे.

२१ हजारवाल्याला आधी सोड. घर न बघता भाव सांगणाऱ्याला तुझं सामान चौदा फुटी आयशरमध्ये बसेल की सतरा फुटी लागेल हेच माहीत नाही. मग त्याने आकडा कशावरून काढला? तुला अडकवण्यासाठी. सामान गाडीत चढलं की फोन येतो, 'मॅडम, माल जास्त निघाला, अजून १५ हजार लागतील.' तेव्हा तुझी चूलबोळकी त्याच्या ताडपत्रीखाली असतात. भांडण काढायला ती वेळ वाईट. टोकन द्यायचंच असेल तर फर्मच्या नावाच्या खात्यावर, पावती घेऊन. कुणा पोराच्या खाजगी नंबरवर नाही.

आता उरले दोन. दोघांकडून जीएसटी नंबर माग. जीएसटीच्या पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये लॉगिन न करता बघता येतं. नोंदणी चालू आहे की रद्द, कायदेशीर नाव काय, पत्ता कुठला, सगळं दिसतं. पहिले दोन आकडे राज्याचे: गोव्याचे ३०, महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९. पाटीवर पणजीचा पत्ता आणि नंबर भलत्याच राज्याचा असेल तर विचार, गोव्यात तुमचं कोण आहे? मोठ्या कंपनीच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे करून बसलेले पुष्कळ आहेत, म्हणून नाव अक्षर न् अक्षर ताड. आणि नंबर बरोबर आला म्हणून माणूस चांगला, असं होत नाही. एवढंच कळतं की उद्या तक्रार कुणाच्या नावाने करायची.

'आयबीए अप्रूव्हड'ने दिपून जाऊ नकोस. ती इंडियन बँक्स असोसिएशनची ट्रान्सपोर्टवाल्यांची यादी, बँकांच्या सोयीसाठी केलेली. बँकेतल्या किंवा सरकारी माणसाला बदलीचं बिल मंजूर करून घ्यायला अशा फर्मची बिल्टी बरी पडते. तुझी काचेची बरणी कशी गुंडाळतात हे त्या यादीत कुणी तपासत नाही. नवऱ्याला ऑफिसकडून पैसे मिळणार असतील तर मात्र ऑफिसला आधी विचारा, आणि नाव खरंच यादीत आहे का ते बघा. नुसत्या लेटरहेडवर शिक्का मारायला दोन रुपये लागत नाहीत.

इन्शुरन्सचं नीट ऐक, सगळ्यात जास्त गोंधळ इथेच. मूव्हर 'इन्शुरन्स' म्हणून मालाच्या किमतीच्या दीड-तीन टक्के लावतो. बऱ्याचदा ती विमा कंपनीची पॉलिसी नसतेच, त्याची स्वतःची तोंडी हमी असते. त्याला 'रिस्क' म्हणतात, 'एफओव्ही' (फ्रेट ऑन व्हॅल्यू) म्हणतात. सरळ विचार: विमा कंपनी कुठली, आणि माझ्या नावाचं, माझ्या गाडीनंबरचं सर्टिफिकेट गाडी सुटण्याआधी मिळणार का? 'नंतर मेल करतो' म्हणाला तर विमा नाही असं समज. मिळालं तर त्यात 'ऑल रिस्क' आहे की फक्त आग, अपघात, गाडी उलटणं एवढंच, ते वाच. दुसऱ्या प्रकारात चढवताना-उतरवताना फुटलेलं धरत नाहीत, आणि फुटतं ते तिथेच. तू स्वतः बांधलेल्या खोक्यातलं फुटलं तरी बहुतेक ठिकाणी नाही म्हणतात. फ्रिज बाहेरून धड आणि आत बंद, तेही नाही. दागिने, रोख, कागदपत्रं कधीच नाहीत. ती तुझ्या पिशवीतच. आणि चार लाखांचं सामान प्रीमियम वाचवायला दोन लाखांचं दाखवलंस, तर नुकसानही निम्म्यानेच मोजतात.

पॉलिसी नसली तरी कायदा आहे. २००७ चा कॅरेज बाय रोड ॲक्ट. माल नेणाऱ्याची जबाबदारी त्यात बांधलेली आहे, पण दोन गोष्टींत लोक तिथे मार खातात. मालाची जास्त किंमत लिहून त्याचा जादा आकार भरला नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच, तीही तू लिहिलेल्या किमतीच्या आत. आणि कोर्टात जायचं तर त्याआधी, बुकिंग झाल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. फोनवर भांडलात त्याला नोटीस म्हणत नाहीत. म्हणून बिल्टी हातात पाहिजे, कोटेशन नव्हे. बिल्टीवर गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा मोबाइल, नगांची संख्या, मालाची किंमत. माझ्या टेबलासमोर रडत आलेल्या बहुतेकांकडे नुसतं व्हॉट्सॲपवरचं कोटेशन असायचं.

अजून एक विचार: गाडी आपली एकट्याची की पार्ट लोड, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर? पार्ट लोडचा भाव कमी, पण सामान आधी गोदामात उतरतं, मग दुसऱ्या गाडीत चढतं, कधी बेळगाव-कोल्हापूरला पुन्हा उतरतं. प्रत्येक हाताळणीत पलंगाचा एक स्क्रू तरी गळतोच. देव्हारा नेणार असशील तर फुल गाडी घे, आणि ३८ हजारात ती आहे का ते त्याच्याकडून लिहून घे.

जून आहे हे विसरू नकोस. ताडपत्रीची गाडी नको, बंद बॉडीची माग. अनमोड, चोर्ला, आंबोली, पावसात कुठल्याच घाटाचा भरवसा नाही. दरड आली की जड गाड्या अडतात. गाडी अडकली तर हॉल्टिंगचे पैसे कोण देणार, हेही कागदावर घे. आणि घरापासून रस्त्यापर्यंत मोठी गाडी येते का? तुमच्या वाड्यात नारळाच्या झावळ्या आणि विजेच्या तारा एवढ्या खाली आहेत की आयशर हमखास कोपऱ्यावर उभी राहणार. मग मधे छोटा हत्ती (लहान टेम्पो) लावावा लागतो आणि त्याचं बिल वेगळं येतं. मूव्हरच्या माणसाला घर दाखवतेस तसा रस्ताही दाखव.

---

मडगावकर

काकांनी मोठं काम सोपं केलं. स्कूटरपुरतं माझं. ती ट्रकात घालायची नसेल तर रेल्वेच्या पार्सलने जाते. गोवा एक्सप्रेस वास्कोहून मडगाव, लोंढा, मिरज करत पुण्यालाच जाते. आरसीची आणि ओळखपत्राची प्रत लागते. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आणि आरसे काढून गोणपाटात बांधून द्यावी लागते. पार्सल ऑफिसबाहेर बांधून देणारे बसलेले असतात.

दुसरं, फोंड्याच्या आरटीओतून एनओसी घ्या, फॉर्म २८. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथली नोंदणी करावी लागते. कर्ज असेल तर आधी बँकेचं पत्र. इथून जाण्याआधीच करा. पुण्यात बसून फोंड्याची एनओसी मिळवताना माझ्या मेव्हण्याचा जीव मेटाकुटीला आला.

---

दोडामार्गवाला

एवढी कटकट कशाला? आमच्या गावचा टेम्पो घ्या, चार पोरं घ्या, गाद्यांमध्ये भांडी घाला आणि चला. २० हजारात काम. आम्ही अशीच तीन घरं हलवली, एक चमचा फुटला नाही. हे पॅकर्सवाले बबल रॅपचे पैसे घेतात नुसते.

---

बिल्टीवाले काका

दोडामार्गवाले, तुमचं म्हणणं खोटं नाही. म्हापशाहून सावंतवाडीला जायचं तर मीही तेच केलं असतं. पण पुण्याला रात्रभराचा प्रवास, आणि उतरवायला तिथे तुमची पोरं नाहीत. शिवाय त्या टेम्पोला गोवा आणि महाराष्ट्र दोन्हीकडचं परमिट आहे का? एकाच राज्यात धावणाऱ्या बऱ्याच गाड्यांकडे नसतं. मग बांद्याला आरटीओने अडवलं की मालकाआधी तुम्ही घामाघूम.

पुण्यातलं एक राहिलं. सोसायटीला आधी विचारा: सामानाची लिफ्ट कुठली, किती वाजेपर्यंत, रविवारी चालतं का. शहरात जड गाड्यांना काही रस्त्यांवर ठरावीक वेळी मनाई असते, त्यामुळे गाडी बाहेर थांबली तर भाडं वाढतं. आणि गाडी दारात लागली की माथाडीच्या नावाने 'वाराई द्या', म्हणजे माल उतरवण्याची हमाली द्या, म्हणणारे कधी कधी येतात. उतरवणारी माणसं मूव्हरची आहेत, तर वाराई मूव्हरच बघेल, असं कोटेशनवर लिहून घ्यायचं. दमदाटी झाली तर ११२ लावायचा.

---

कुर्टीकर

काका, फार उपकार झाले. ३८ हजारवाल्याला जीएसटी नंबर मागितला, त्याने लगेच दिला, ३० नेच सुरू होतो आणि नाव जुळतं. फुल गाडी आहे असं लिहूनही देतोय. पण त्याच्या कोटेशनमध्ये 'ई-वे बिल व चेकपोस्ट एन्ट्री टॅक्स : ३,५००' अशी ओळ आहे. हे द्यायचं का?

आणि एक विचारायला संकोच वाटतो. दिरांनी सत्तरीहून हुर्राक (काजूची हलकी दारू) आणि फेणीचा कॅन पाठवलाय, पुण्यातल्या मित्रांसाठी. तो भांड्यांच्या खोक्यात घातला तर?

---

बिल्टीवाले काका

३,५०० ची ओळ खोडून टाक. ई-वे बिल म्हणजे जीएसटीतला माल नेण्याचा ऑनलाइन कागद; वापरलेल्या घरगुती सामानाला तो लागतच नाही, नियमातच सूट आहे. एन्ट्री टॅक्स आणि ऑक्ट्रॉय २०१७ ला जीएसटी आला तेव्हाच गेले. त्यापेक्षा एका साध्या कागदावर सामानाची यादी कर, खाली 'वापरलेलं घरगुती सामान, विक्रीसाठी नाही' लिहून सही कर, बदलीच्या पत्राची आणि आधारची प्रत जोड आणि ड्रायव्हरकडे दे. टोल त्याच्या भाड्यातच धरलाय ना, तेवढं विचार. वर १८ टक्के जीएसटी लावेल तो योग्य, पण मग जीएसटी नंबरचं पक्कं बिल द्यायला लाव.

फेणीचं: नको. अजिबात नको. गोव्याची दारू परमिटशिवाय महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे. इन्सुलीच्या नाक्यावर एक्साइजवाले बसलेलेच असतात, आणि सापडली तर कॅनबरोबर गाडीही जप्त होऊ शकते. त्या गाडीत तुझ्या सासूबाईंचा देव्हारा असणार. अनमोडमार्गे गेलीस तरी कर्नाटकाचं एक्साइज आहेच. दिरांना म्हणावं, मित्रांनाच इकडे बोलवा. कोकमाची सोलं न्यायला कुणाची हरकत नाही, पण नीट बांध. आगळाची (कोकमाच्या रसाची) बाटली उलटली की गाद्यांवरचा रंग जन्मात जात नाही.

---

मडगावकर

गॅसचं कुणी सांगितलं नाही. सिलिंडर ट्रकात घेत नाहीत, घेऊही देऊ नका. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, ते टर्मिनेशन व्हाउचर देतात आणि डिपॉझिट परत करतात. तो कागद पुण्यातल्या एजन्सीला दाखवला की नवीन कनेक्शन मिळतं. शेगडी आणि पाइप तुमचीच.

---

कुर्टीकर

फेणीचं कळलं, दिरांना तसं सांगते. ३,५०० ची ओळ त्याने मुकाट्याने काढली, वर 'मॅडम, ते ऑफिसने चुकून टाकलं' म्हणाला. देव्हाऱ्याला लाकडी क्रेट लावतो म्हणतोय, त्याचे १,८०० वेगळे. रगडा मात्र नेत नाही म्हणतो, वजन फार आणि खाली काही चेपेल. सासूबाईंची समजूत काढायचं काम चालू आहे.

---

बिल्टीवाले काका

क्रेटचे १,८०० दे, सागवानाला तेवढं पाहिजेच. रगड्याचं त्याचं खरं आहे. सांगितलंस तर तो चाकांच्या वरच्या जागी, सगळ्या सामानाच्या खाली, गोणपाटावर ठेवून नेईल, पण तसं आधी ठरवावं लागतं, ऐन वेळी हमाल हात लावणार नाहीत. चढवण्याच्या दिवशी एक काम कर: प्रत्येक खोक्यावर नंबर टाक, आत काय ते वहीत लिही, आणि फ्रिज, मशीन, देव्हारा यांचे चारही बाजूंनी फोटो काढ. पुण्यात उतरवल्यावर नग मोजल्याशिवाय डिलिव्हरीच्या कागदावर सही करू नकोस. काही फुटलेलं दिसलं तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने 'अमुक नग फुटलेला मिळाला' लिही. ड्रायव्हर घाई करेल, 'मॅडम, दुसरी गाडी भरायचीय' म्हणेल. त्याला चहा दे आणि मोजत राहा. शेवटचे पैसे, निदान पाव हिस्सा, त्यानंतरच. आणि त्याने ऐकलंच नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.