शिष्यवृत्तीच्या खिडकीपासून पुढे कुठे? महाविद्यालयीन प्रशासनातील नोकरीबद्दल सल्ला हवा

खिडकी क्रमांक तीन:

नमस्कार. माझे वय २८ असून शिक्षण एम.कॉम. झाले आहे. गेली तीन वर्षे मी कोल्हापुरातील एका अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयात एकत्रित मानधनावर काम करते. कागदावर माझे पद कार्यालयीन सहायकाचे आहे; प्रत्यक्षात शिष्यवृत्तीचे टेबल, बोनाफाईड, एसटीच्या पासचे अर्ज आणि प्रवेशाच्या दिवसांत समोर येईल ते सगळे माझ्याकडे असते. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरून अर्ज परत आला की विद्यार्थी प्रथम माझ्याच खिडकीवर येतो. बहुतेक वेळा त्याची अडचण अर्जात नसतेच; बँक खाते आधारशी जोडलेले नसते, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते, नाहीतर घरात कोणी आजारी असल्यामुळे तो महिनाभर महाविद्यालयात फिरकलेलाच नसतो. हे सोडवण्याचा मला आजवर कंटाळा आलेला नाही, उलट दिवसभरातील एवढेच काम मनापासून आवडते.

घरच्यांचे म्हणणे असे की, मानधनावर आयुष्य काढता येत नाही, तेव्हा बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करावा. परदेशातील विद्यापीठांत विद्यार्थी सेवा हा स्वतंत्र व्यवसाय असून त्यासाठी पदव्युत्तर अभ्यासक्रमही असतात, असे वाचनात येते. आपल्याकडे, निदान शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात, या कामाला पुढे वाट आहे का? असल्यास ती कनिष्ठ लिपिकाच्या पदावरून जाते, खासगी संस्थांमधून जाते, की आणखी काही शिकावे लागते? अनुभवी मंडळींनी स्पष्ट सांगावे, ही विनंती.

निवृत्त अधीक्षक:

ताई, मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. मधली सगळी वर्षे अनुदानित महाविद्यालयातच गेली. त्यामुळे जे सांगतो ते त्या बाजूचे आहे, हे लक्षात ठेवून वाचावे.

आपल्याकडे अनुदानित महाविद्यालयात 'विद्यार्थी सेवा' नावाचा वेगळा संवर्ग नाही. ते काम तीन ठिकाणी विखुरलेले आहे. शिष्यवृत्ती, पात्रता, दाखले हे लिपिकांकडे असते. राष्ट्रीय सेवा योजना, युवा महोत्सव, तक्रार निवारण हे प्राध्यापकांकडे अतिरिक्त जबाबदारी म्हणून असते. आणि उरलेले, म्हणजे विद्यार्थ्याला नेमके कुठे जावे हे सांगणे, ते ज्याच्या अंगात असेल तो करतो. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने 'विद्यार्थी कल्याण' जाऊन 'विद्यार्थी विकास' आले आणि विद्यापीठ पातळीवर त्यासाठी मंडळ व संचालकपद आहे. परंतु महाविद्यालयाच्या मंजूर शिक्षकेतर पदांच्या यादीत मात्र तुम्हाला लिपिक, मुख्य लिपिक, अधीक्षक, प्रबंधक असेच शब्द दिसतील. म्हणून या बाजूने यायचे, तर दार कनिष्ठ लिपिकाचेच आहे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे त्याचे मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून सुरू होते. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट या टंकलेखन प्रमाणपत्रांपैकी निदान एक, शक्यतो दोन्ही, आणि एमएस-सीआयटी एवढे हाताशी असू द्यावे. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही, हेही घरी सांगून ठेवावे, कारण 'कायम नोकरी' म्हटले की वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आमच्या पिढीची पेन्शन येते.

आता कटू भाग. पद रिक्त असणे आणि पद भरले जाणे यांत वर्षे जातात. संस्थेला शासनाची परवानगी लागते, बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणानुसार पदांची यादी, तपासून घ्यावी लागते, जाहिरात द्यावी लागते, आणि नेमणूक झाल्यावरही विभागीय सहसंचालकांच्या कार्यालयाकडून वेतनासाठी मान्यता येईपर्यंत जीव टांगणीला असतो. मानधनावर केलेल्या कामामुळे कायम पदावर आपोआप हक्क निर्माण होत नाही. 'तुमचेच आहे, तुम्हालाच घेऊ' असे तोंडी आश्वासन कोणी दिले असेल, तर ते ऐकून घ्यावे आणि आपला अभ्यास सुरू ठेवावा.

दुसरी शिडी विद्यापीठाची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निकषांप्रमाणे सहायक कुलसचिव पदासाठी किमान ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी लागते, आणि त्या पदावरील पाच वर्षांच्या प्रशासकीय अनुभवानंतर उपकुलसचिव पदासाठी अर्ज करता येतो. तुमचे एम.कॉम.चे गुण किती आहेत, ते आधी पाहा. हा आकडा पुढे फार ठिकाणी आडवा येतो.

तोवर काय शिकावे, तर नियम. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची १९८४ ची प्रमाण संहिता वाचा, सेवार्थ या शासनाच्या वेतन प्रणालीवर पगारबिल कसे होते ते शेजारच्या टेबलावर बसून पाहा, पात्रतेची प्रकरणे कशामुळे अडकतात ते समजून घ्या. हे कोरडे वाटेल, पण विद्यार्थ्याला खरी मदत याच्याच जोरावर होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातील आमच्या कित्येक मुलांच्या घरातील कागद भिजून लगदा झाले होते. ज्यांच्या दाखल्यांच्या प्रती प्रवेशाच्या वेळी आम्ही क्रमाने लावून ठेवल्या होत्या, त्यांना आठवड्याभरात साक्षांकित संच देता आला. ज्या वर्षीचे गठ्ठे एका सहकाऱ्याने 'नंतर लावू' म्हणून कपाटावर टाकले होते, त्या मुलांना दिवाळीपर्यंत हेलपाटे पडले. सहानुभूती दोघांबद्दल सारखीच होती.

प्रवेश ते पदवी:

काकांच्या अनुभवाबद्दल आदर ठेवूनही एक गोष्ट वेगळी मांडते. निघेल न निघेल अशा पदाच्या जाहिरातीसाठी तिशी ओलांडणे मला परवडणारे वाटत नाही. मी जिल्ह्यातील एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थी कक्षात लागले आणि आज त्याच संस्थेत परीक्षा विभाग सांभाळते. खासगी संस्थांमध्ये, विशेषतः स्वायत्त झालेल्या महाविद्यालयांमध्ये, हे काम वाढलेले आहे, कारण परीक्षा, निकाल, श्रेयांक (क्रेडिट) यांची जबाबदारी आता त्यांच्यावरच येते. नवीन शैक्षणिक धोरणानंतर प्रत्येक विद्यार्थ्याचे श्रेयांक बँकेतील खाते उघडून घेणे, विषय बदलले की नोंदी जुळवणे, मध्येच शिक्षण सोडून परतणाऱ्याचे गुण ग्राह्य धरणे, ही कामे करणारा माणूस लागतोच. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांच्या पद्धतीत पाचवा निकष विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती यांचाच आहे. तुम्ही तीन वर्षांत किती विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या मार्गी लावल्या, याची वर्षवार तक्ते करून ठेवलेली माहिती मुलाखतीत काढून दाखवलीत, तर तुमच्याकडे पाहण्याची नजर बदलते. मी हे स्वतः अनुभवले आहे.

मात्र जाहिरातीतील शब्दांना भुलू नका. 'प्रवेश समुपदेशक' म्हणून जे पद छापतात, ते अनेकदा दूरध्वनीवरून जागा भरण्याचे काम असते. एप्रिल ते ऑगस्ट किती प्रवेश 'आणले' यावर तुमची किंमत ठरते, आणि सप्टेंबरमध्ये करार संपतो. मुलाखतीत एकच विचारावे: प्रवेश संपल्यावर माझ्याकडे कोणते काम असेल? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर नमस्कार करून बाहेर पडावे. पगार वेळेवर होतो का, हेही तिथल्या शिपायाला विचारावे. तो खरे सांगतो. हे सगळे पाहून घेतले, तर इथे जबाबदारी लवकर मिळते, आणि सुरक्षितता मिळत नाही. ही देवाणघेवाण डोळे उघडे ठेवून करायची.

बोर्डिंगचा मुलगा:

मी समाजकार्याचा पदव्युत्तर विद्यार्थी होतो, आता समुपदेशक म्हणून काम करतो. वरील दोन्ही उत्तरांत न आलेली एक बाजू मांडतो.

मूळ प्रश्नात 'घरात कोणी आजारी असल्यामुळे महिनाभर फिरकला नाही' असे वाक्य आहे. अशा मुलाशी बोलणे हे कार्यालयीन कामाचे पुढचे पाऊल नाही, तो वेगळा व्यवसाय आहे आणि त्याला वेगळे शिक्षण लागते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे त्यांत आहे. त्यामुळे या जागांना आता आधार मिळाला आहे. परंतु 'पात्र' हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन रविवारच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र लावून समुपदेशन करणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांनी मुलांचे केलेले नुकसानही पाहिले आहे. तुम्हाला त्या दिशेने जायचे असेल, तर एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) किंवा मानसशास्त्रातील एम.ए. करावे, एम.एस.डब्ल्यू. कोल्हापुरात सायबर या संस्थेत करता येते. जायचे नसेल, तर खिडकीवर बसून मुलाचे दोन मिनिटे शांतपणे ऐकणे, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या शासकीय मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्याला लिहून देणे आणि ऐकलेले कार्यालयात चहाच्या वेळी कोणालाही न सांगणे एवढे पुरेसे आहे. यातले शेवटचे सर्वांत अवघड असते.

आणखी एक वाट कोल्हापूरकरांनी तरी विसरू नये. शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात जातवार बोर्डिंगे उभी केली, १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघाले, आणि दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंग तर येता-जाता दिसते. खेड्यातल्या मुलाला प्रवेश मिळाला तरी राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण नसेल तर तो टिकत नाही, हे तेव्हाच ओळखले गेले होते. आजही समाज कल्याण विभागाच्या शासकीय वसतिगृहांत गृहपाल हे पद आहे, त्यासाठी स्पर्धा परीक्षा होते, आणि महिलांसाठी स्वतंत्र जागा असतात. मी स्वतः बोर्डिंगमध्ये वाढलो. रात्री अकरा वाजता ताप भरलेल्या पोराला रिक्षात घालून सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेणारे गृहपाल मी पाहिले आहेत. विद्यार्थी सेवा म्हणतात ती तिथे चोवीस तास असते, त्यामुळे घरच्या जबाबदाऱ्या पाहूनच विचार करावा.

खिडकी क्रमांक तीन:

तिघांचेही मनापासून आभार. एम.कॉम.ला मला ५८ टक्के आहेत, म्हणजे काकांनी सांगितलेला आकडा निदान आडवा येणार नाही. इंग्रजी ४० झाले आहे, मराठी ३० ची परीक्षा राहिली आहे. ती या सत्रात देते. समुपदेशनाबद्दल दादांनी लिहिलेले वाचून थोडी वरमले, कारण दोन रविवारच्या अशाच एका कार्यशाळेची जाहिरात मी जपून ठेवली होती. गृहपालाच्या परीक्षेचा अभ्यासक्रम पाहते आणि त्यासोबत स्वायत्त महाविद्यालयांत अर्जही करते.

एक शेवटचे विचारते. आमचे करार अकरा महिन्यांचे असतात आणि अनुभवाचा दाखला मागितला की 'एकदम शेवटी देऊ' असे सांगतात. तो पुढे चालतो का?

निवृत्त अधीक्षक:

शेवटी मागू नका. प्रत्येक करार संपताना त्या त्या कालावधीचा दाखला लेखी अर्ज करून मागावा, आणि अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. दाखल्यावर पदनाम, नेमणूक आदेशाचा क्रमांक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि प्रत्यक्ष कोणते काम, एवढे असलेच पाहिजे. 'समाधानकारक काम केले' अशा एका ओळीच्या दाखल्याला छाननी समिती विचारत नाही. प्राचार्यांची सही आणि जावक क्रमांक नसेल, तर तो दाखला घेऊच नका. मसुदा तुम्हीच टंकून न्या. शिष्यवृत्तीचे काम तुम्ही करता, हे त्यात ठळक येऊ द्या. मार्चअखेरीची गडबड सुरू होण्याआधी न्या, म्हणजे सही त्याच दिवशी होईल.